अकराव्या खुर्चीचा रकाना

भिंतीवर खडूने रेघ मारण्यासाठी वेणीमाधवरावांनी हात वर नेला आणि तो कशात तरी अडकला. खिळ्याला सुताचा एक झुबका लोंबत होता. वीत-दीड वीत लांबीचे पन्नास-साठ दोरे, आणि प्रत्येकावर गाठी. कुठे जवळजवळ, कुठे बोटभर अंतराने, काही साध्या, काही दुहेरी. एरवी कारखान्यातल्या खिळ्यावर सूत लोंबण्यात नवल ते काय! ते आले होते वीरभद्रप्पाच्या हातमागांच्या कारखान्यात तेलइंजिनाचा पाया कुठे खणावा, हे सांगायला. गिरणीतून निवृत्त होऊन पाच वर्षे झाली तरी पेठांमधून अशी बोलावणी येत, आणि तेही टेप, ओळंबा व खडू घेऊन वेळेवर हजर होत. भिंतीची लांबी मोजून झाली होती, जमिनीची ओल पाहून झाली होती. परंतु त्या दोऱ्यांना बोटे लागताच त्यांचा हात, चालत्या पट्ट्याला लागावा तसा, झटक्याने मागे आला. खडू खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले.

"हे काय आहे, वीरभद्रप्पा?"

"ते व्हय?" बारा मागांच्या खटखटीवरून आवाज चढवीत वीरभद्रप्पा म्हणाला, "मल्लप्पाच्या बातम्या हैत त्या."

"बातम्या?"

"व्हय की. पेपरातल्या. रोज वाचनालयात जायचा, वाचायचा, एकेका बातमीला एकेक गाठ मारून आणायचा. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत एकेक गाठ चाचपत कानडीत सांगायचा. सगळे माग गप व्हायचे बगा. आता जुन्या झाल्या, पन फेकवत न्हाईत."

वेणीमाधवरावांनी खडूचा मोठा तुकडा उचलला, धोतराला बोटे पुसली, आणि रेघ पूर्ण केली. रेघ ओळंब्यात होती. हात कापत नाही याचे त्यांना एकदम वाईट वाटले.

मल्लप्पा. म्हणजे त्याचे नाव मल्लप्पा होते. त्यांच्या वहीत तो 'अकरा' होता. वाचनालयातल्या त्या लांब टेबलाभोवती चौदा खुर्च्या होत्या, आणि दुपारी साडेतीनपासून दिवेलागणीपर्यंत तिथे बसणारी माणसे जवळजवळ ठरलेली. नाव विचारण्याची तिथे रीत नव्हती. बोलण्याचीच नव्हती, समोरच्या भिंतीवर 'येथे बोलू नये' अशी पाटी होती, आणि ती वेणीमाधवरावांनीच तांत्रिक महाविद्यालयात गिरवलेल्या वळणाने, अक्षरा-अक्षरातले अंतर परकाराने मोजून, रंगवून दिली होती. एक मात्र रीत होती. वृत्तपत्राची प्रत एकेकच येई. ज्याचे वाचून होई त्याने घडी नीट घालावी, टेबलावर बोटाने एकदा टक् करावे आणि ती उजवीकडच्याला द्यावी. कुणी मागू नये, कुणी अडवू नये. अशा रीतीने वृत्तपत्र चौदा खुर्च्यांतून फिरत असे, आणि वेणीमाधवरावांना ते पाहताना गिरणीतल्या चांगल्या तेल घातलेल्या यंत्राचे समाधान मिळे. घड्याळाखालची दहावी खुर्ची त्यांची होती.

वही कशी सुरू झाली हे त्यांना नेमके आठवत होते. सत्तावीस वर्षे त्यांनी दर अर्ध्या तासाने इंजिनाच्या वाफेचा दाब लिहून ठेवला होता. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने अर्धा तास झाला की उजवा हात आपोआप खिशाकडे जाई. मालती, त्यांची मुलगी, तेव्हा माहेरी आली होती; ती हसून म्हणाली होती, "बाबा, आता घरात दाब कशाचा मोजणार? माझ्या स्वयंपाकाचा?" मग एके दिवशी वाचनालयात त्यांनी वही काढली आणि रकाने आखले. क्रमांक, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, वृत्तपत्र, आणि शेवटी हेतू. मनुष्य कशासाठी येतो? वाचण्यासाठी येतो हे उत्तर त्यांना कधीच पुरेसे वाटले नाही. नऊ क्रमांक, निवृत्त पोस्टमास्तर, वृत्तपत्र हातात येताच प्रथम शाईचा वास घेत आणि मग केवळ बदल्या व बढत्या वाचीत. हेतू, नोकरीची सवय. तीन क्रमांक दम्याचा रोगी होता आणि लिलावाच्या जाहिरातींवरून बोट फिरवी. हेतू, स्वतःचे विकले गेलेले घर. बारा क्रमांक वकिलाचा कारकून, तो वृत्तपत्राआड डुलकी घेई. हेतू, घरी तान्हे मूल. एकेक रकाना भरला की त्यांना बोल्टावर घट्ट बसलेली एखादी चाकी सुटल्यासारखे वाटे. ही माणसांबद्दलची माया होती की नुसती मोजण्याची खोड, हे त्यांनी स्वतःला कधी विचारले नव्हते.

अकराचा रकाना तेवढा भरेना. सावळा, किरकोळ, पन्नाशीचा माणूस. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. चारच्या सुमारास येई, वृत्तपत्राचे एक पान पंधरा-पंधरा मिनिटे उलटीत नसे, ओठ हलवी, छताकडे पाही, आणि मांडीवर, टेबलाखाली, एका दोऱ्याला गाठ मारी. कशाची गाठ? जपाची म्हणावी तर मधे मधे वाचायचे कशाला? वेणीमाधवराव तिरप्या नजरेने गाठी मोजू लागले. आणि ते दिवस तर कसले होते! तीन वर्षांपूर्वीचा श्रावण, लष्करी कायदा उठून महिनाच झाला होता. माणसांनी पांढऱ्या टोप्या पेटीच्या तळाशी घालून काळ्या चढवल्या होत्या, शेजारी शेजाऱ्याशी पावसापाण्यापलीकडे बोलत नव्हता, आणि कोण कुणाची नावे कुठे पोचवतो याची कुजबुज प्रत्येक ओट्यावर होती. अशा दिवसांत एका सोमवारी त्यांच्या ध्यानात आले की अकराच्या दोऱ्यावर नऊ गाठी आहेत, आणि खोलीत त्या दोघांखेरीज नऊ माणसे आहेत. मंगळवारी गाठी सात, माणसे सात. बुधवारी बारा आणि बारा. गुरुवारी आकडे जुळले नाहीत. परंतु गुरुवारी एक माणूस दारातूनच परत गेला होता, तो धरला तर जुळत होते. त्यांनी तो धरला.

आज, खडूची रेघ पुसून पुन्हा मारताना, त्यांना सर्वांत जास्त बोचला तो हा गुरुवार. शिकाऊ पोरांना ते नेहमी सांगत, नोंद बसत नसेल तर नोंदीला वाकवू नका, अंदाज सोडा. आणि स्वतः त्यांनी दारातला माणूस आत ओढून बसवला होता! त्या संध्याकाळी अकराच्या रकान्यात त्यांनी शिसपेन्सिलीने लिहिले, 'खबऱ्या?' मग ग्रंथपाल कमलाकर दिवा लावायला आला तेव्हा त्याच्या कानाशी लागून ते म्हणाले, "तो अकराव्या खुर्चीवरचा माणसे मोजतो." कमलाकर शहाणा माणूस; त्याने आकडे विचारले, त्यांनी वही दाखवली. इतक्या सुवाच्य अक्षरातल्या आकड्यांवर कोण शंका घेणार? त्यांनी तोंडाने सांगितले ते विधान होते, आणि कमलाकरकडून टेबलभर विधानच पोचले. प्रश्नचिन्ह वहीतच राहिले.

दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला काही बोलले नाही. बोलण्याची रीत नव्हतीच. वृत्तपत्र नऊ क्रमांकाकडून दहाकडे आले, दहाने, म्हणजे वेणीमाधवरावांनी, वाचले, घडी घातली, टक् केले, आणि अकराच्या छातीसमोरून हात लांब करून ते बाराला दिले. त्या वेळी त्यांच्या बाहीला त्या माणसाच्या श्वासाची ऊब लागली होती. पुढचे तीन दिवसही तसेच. त्या तिन्ही दिवशी अकराने एक चमत्कारिक गोष्ट केली. दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवून तो तासभर बसून राहिला. वेणीमाधवरावांनी तशी नोंद केली: 'हात उताणे. रिकामे. दोरा नाही.' त्यांना तो कबुलीजबाब वाटला. त्यानंतर अकरावी खुर्ची रिकामी राहिली ती राहिलीच. तिच्यावर नवा माणूसही बसेना. शहर हळूहळू बोलू लागले, टोप्या पेटीतून निघाल्या, आणि वेणीमाधवरावांना मधून मधून वाटत राहिले की आपण तेरा माणसांचे रक्षण केले.

गिरणीचा भोंगा झाला. एकेक माग थांबला, आणि शेवटचा धोटा थांबल्यावर जी शांतता पडली तीत त्यांना एका चरख्याची कुरकुर ऐकू आली. कोपऱ्यात, उजेडापासून दूर, एक माणूस धोट्यात घालायच्या कांड्या भरीत होता. सूत बोटांतून सोडीत, मान किंचित वर करून. कपाळावर तीन पट्टे. त्याच्या शेजारी त्याची बायको भाकरीचे फडके सोडीत होती.

"मल्लप्पा," वीरभद्रप्पाने हाक मारली, "हे इंजिनवाले साहेब आल्यात. तुझ्या गाठी इचारत हुते. साहेब रोज जात्यात वाचनालयात!"

मल्लप्पाने चेहरा त्यांच्याकडे वळवला. चेहरा बरोबर त्यांच्याकडे वळला. डोळे मात्र त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेले. वेणीमाधवराव निघून जाण्याच्या बेतात होते, ते तसेच उभे राहिले.

"रोज जाता? मग बसा की, साहेब! चंद्रव्वा, पोतं दे त्यास्नी."

"दिसत नाही तुम्हांला?" त्यांनी विचारले, आणि आपला आवाज ऐकताच धास्तावले. पण तशी धास्ती नको होती. वाचनालयाच्या त्या खोलीत त्यांचा आवाज मल्लप्पाने कधी ऐकलाच नव्हता.

"काचबिंदू," चंद्रव्वा म्हणाली. "एक डोळा आदीच गेलता. दुसरा गेल्या सालच्या पावसाळ्यात."

गेल्या सालच्या पावसाळ्यात. त्यांच्या डोक्याने, न सांगता, हिशेब मांडला. त्या श्रावणापासून गेल्या पावसाळ्यापर्यंत दोन वर्षे. सातशे दुपारी. सातशे दुपारी या माणसाला डोळे होते आणि खुर्ची नव्हती.

"आपण वाचनालयात येणे... जाणे का सोडलेत?" शब्द बदलायला त्यांना क्षणभर लागला, परंतु ते कुणाच्या ध्यानात आले नाही.

मल्लप्पा हसला. "त्यात त्यांची चूक न्हाई, साहेब. आमचे हात हे असे. खळ म्हना, रंग म्हना, कागदाला लागतच आसंल. तिथली मानसं लई सभ्य. तोंडानं कोन बोलनार? पेपर माज्याकडं येईनासा झाला तवा मी वळखलं. मग तीन दिवस चुन्यानं, राखंनं हात घासून गेलो. टेबलावर उताने ठिवून बसलो, म्हटलं बगतील. चंद्रव्वा तर म्हनली, कातडं काडून ठिवता का आता!"

"रगत आलतं," चंद्रव्वा म्हणाली. "येड्यावानी घासायचे. मी म्हनलं, मोठी मानसं ती, त्यांच्यात कशाला जावं आपन. तर म्हनं, न्हाई गं, तिथं एक साहेब हैत, त्ये माझ्यासारकेच हैत."

"व्हय की!" मल्लप्पाचा हात कांडीवरच थांबला. "साहेब, मला सांगा, ते अजून येत्यात का? घड्याळाखाली बसायचे, माज्या डाव्या अंगाला. सारखी वही काडायचे, दोन अक्षरं लिवायचे, परत खिशात. मी रोज बगायचो त्यांच्याकडं. मला वाटायचं, त्येबी माज्यावानीच कुनासाठी तरी बातम्या नेत असतील. घरी कुनी तरी आंथरुनाला खिळलेलं आसंल, त्याला रोज सांगत असतील. त्यांस्नी लिवता येतं म्हनून वही, मला लिवाय जमत न्हाई म्हनून गाठ. वाचाय येतं, लिवताना हात वळत न्हाई. लई इचारावं वाटायचं, कुनासाठी नेता वो? पन तिथं बोलायचं न्हाई."

त्याच टेबलाजवळ, हातभर अंतरावर, आणखी एक रकाना भरला जात होता तर! एकाही आकड्याच्या आधाराशिवाय. आणि त्या रकान्यात त्यांच्या नावासमोर काय लिहिले गेले होते!

"येतात का?"

"येतात," वेणीमाधवराव म्हणाले.

मीच तो, हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. त्यांची लांबी-रुंदीसुद्धा त्यांना जाणवली. परंतु त्यांच्यापुढे तिसरा शब्द कोणता येईल हे ठाऊक असल्यामुळे ते दोन तिथेच राहिले. एव्हाना विणकर हातात भाकरी घेऊन भोवती जमले होते. कुणी तरी कानडीत मल्लप्पाला काही म्हणाले आणि सगळे हसले.

"हे म्हनत्यात, साहेब वाचनालयात जात्यात तर आज फुकट कशाला सोडायचं!" मल्लप्पा म्हणाला. "कालच्या पेपरात काय हुतं, सांगा की. पोरं शाळेतली वाचून येत्यात, पन दारापत्तूर आली की इसरत्यात. तुमी सांगा, मी कानडीत सांगतो."

वेणीमाधवरावांनी घसा साफ केला. काल पावणेचारला ते खुर्चीवर होते, सव्वापाचला उठले. वृत्तपत्र त्यांच्या हातात पुरा अर्धा तास होता. त्यांनी आठवू पाहिले. नऊ क्रमांक मफलर विसरून गेला होता. तीन क्रमांक खोकला तेव्हा बाराची डुलकी मोडली होती. चार क्रमांकाची खुर्ची करकरत होती, आणि पाच जण एका वेळी जांभया देत होते. कापसाचा भाव... भाव काही तरी उतरला होता. कुठे तरी परिषद भरली होती. कुठे? त्यांनी पुन्हा घसा साफ केला. बारा विणकर तोंडातला घास थांबवून त्यांच्याकडे पाहत होते. पाच वर्षांत त्यांनी वृत्तपत्र वाचलेच नव्हते. वाचणारे वाचले होते, आणि तेही असे!

"कापूस थोडा उतरला," ते म्हणाले. "आणि... एक परिषद होती."

"कुटं?"

"ते... नीट ध्यानात नाही."

कुणी हसले नाही. मल्लप्पानेच त्यांची सुटका केली. त्याने कांडीवरचे सूत वीतभर मोजून तोडले आणि अंदाजाने हात पुढे केला. हात स्वच्छ होता. नखांच्या कडांनाही रंग नव्हता. इतक्या दिवसांनंतरही तो ते घाशीत होता की काय, हे विचारण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

"वय झालं की इसरतंच, साहेब. ह्ये घ्या. बातमी आली की गाठ मारायची. घरच्या-दारच्या बातमीला साधी, गिरनीच्या, मजुरीच्या बातमीला दुहेरी. उद्या पाया खनायला येनार न्हवं? येताना घिऊन या."

त्याच दिवशी दुपारी ते नेहमीच्या वेळी दहाव्या खुर्चीवर बसले. वही त्यांनी घरीच ठेवली होती. जिना चढताना कमलाकर भेटला, त्याला थांबवून सांगावे असे मनात आले. परंतु तो पुस्तकांचा गठ्ठा हनुवटीखाली धरून घाईने उतरत होता, आणि असे काही जिन्यात सांगण्याजोगे नसते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. उजवीकडे अकरावी खुर्ची रिकामी होती. तिच्या बैठकीवरची धूळ त्यांनी आज प्रथमच पाहिली, आणि रुमालाने पुसली. तेवढ्या हालचालीने नऊ क्रमांकाने मान वर केली. मग त्यांनी खिशातून दोरा काढून मांडीवर ठेवला आणि वृत्तपत्राची वाट पाहू लागले. आज ते खरोखर वाचणार होते. पहिल्या ओळीपासून, जाहिरातींसकट. ओठ हलले तरी हलोत. वाट पाहता पाहता बोटांना सवय व्हावी म्हणून त्यांनी दोऱ्याला एक गाठ मारून पाहिली, आणि सोडली. पुन्हा एक मारली, सोडली. जाड बोटांना ते सूत दाद देत नव्हते.

नऊ क्रमांकाने बदल्या आणि बढत्या वाचून संपवल्या. घडी घातली. टेबलावर टक् केले. वेणीमाधवरावांनी हात पुढे केला. पोस्टमास्तरांची नजर त्यांच्या मांडीवर गेली, दोऱ्यावर थांबली, आणि तिथून वर आली ती त्यांच्या चेहऱ्यापर्यंत न येता मधेच फिरली. पोस्टमास्तरांनी वृत्तपत्र धरलेला हात बाराकडे लांब करून पाहिला. मधे आता दोन खुर्च्या होत्या, हात पोचेना. तेव्हा ते वृद्ध गृहस्थ टेबलाचा आधार घेऊन उठले, वेणीमाधवरावांच्या पाठीमागून सावकाश चालत गेले, आणि वृत्तपत्र बारा क्रमांकाच्या समोर ठेवून, त्याला हळूच जागे करून, परत आपल्या जागी येऊन बसले.

समोर पाटी होती. प्रत्येक अक्षर सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावर. एक वाक्य उच्चारले असते तर पुरे होते. दोरा उचलून दाखवला असता आणि म्हटले असते की गृहस्थहो, ही बातमीची गाठ आहे, तेव्हाही बातमीचीच होती, चूक माझी होती. त्यांनी तोंड उघडलेही. तीन क्रमांकाला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही, आणि ती थांबेपर्यंत ते वाक्य घशाच्या खाली उतरून गेले. मग त्यांच्या लक्षात आले की आपले दोन्ही हात टेबलावर आहेत, उताणे. सत्तावीस वर्षे वाफेशी काम केलेले, करंगळीजवळ भाजल्याचा जुना डाग असलेले हात. कुणी त्यांच्याकडे पाहत नव्हते. कुणी पाहिले असते तरी त्यांत काय दिसले असते?

वृत्तपत्र बारावरून तेराकडे, तेरावरून चौदाकडे गेले. घड्याळात पाच वाजले. उद्या भाकरीच्या सुट्टीत सगळे माग थांबतील, भोवती माणसे बसतील, आणि मल्लप्पा मान वर करून विचारील, आणलं का साहेब? त्याला सांगण्याजोगी एकच बातमी त्यांच्यापाशी होती, आणि ती कोणत्याही वृत्तपत्रात आलेली नव्हती. त्यांनी हात टेबलाखाली घेतले. साधी की दुहेरी, यावर ते थोडा वेळ विचार करीत बसले. मग दुहेरी मारली, दोन्ही टोके ओढून घट्ट केली, आणि नखाने ओढून पाहिले. सुटत नव्हती.

पाच वाजून दहा मिनिटांनी ते उठले.